तेवीस अंशांचा हिशेब

वर्धा जिल्ह्यात नाल्याकाठी, विहिरीवर, जिथं विजेची तार पोचली नाही तिथं ऑइल इंजिनाची धडधड ऐकू येते. डीकंप्रेशनची कळ वर करायची, हँडलला जोर लावून फेरे द्यायचे, कळ सोडायची. काळा भपका टाकत इंजिन उठतं. हे यंत्र आपल्याकडे घरचंच. साताऱ्याच्या कूपर कारखान्यानं १९३३ मध्ये डिझेल इंजिन बनवलं आणि १९४६ मध्ये किर्लोस्करांनी ऑइल इंजिनांसाठी स्वतंत्र कंपनी काढली.

काळा धूर म्हणजे पैसे मोजून घेतलेलं, पण नीट न जळालेलं डिझेल. किर्लोस्करांचं टीव्ही-१ हे इंजिन घ्या. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतलं हे नेहमीचं गिऱ्हाईक. एकच सिलिंडर, मिनिटाला १५०० फेरे. आत आलेली हवा साडेसतरा पटीनं दाबली जाते आणि तिच्याच तापानं डिझेल पेटतं. ठिणगी लागत नाही. पिस्टन माथ्याला पोचायच्या २३ अंश आधी नोझल फवारा सोडतं. फवाऱ्याच्या गाभ्यात हवा कमी, तिथं काजळी होते. कडेला ज्वाला अतितप्त, तिथं हवेतलाच नायट्रोजन जळून नायट्रोजनची ऑक्साइडं बनतात. मिस्त्रीनं टायमिंग पुढं घेतलं की धूर घटतो, ऑक्साइडं वाढतात. मागं नेलं की उलटं. एक दाबावं तर दुसरं वर येतं.

मोठ्या गाड्यांनी यातून पैशानं वाट काढली. कॉमन रेलमध्ये डिझेल दोन हजार बारच्या आसपास दाबून एका फेऱ्यात अनेक फवाऱ्यांनी सोडतात, धुरातला काही भाग परत आत घेऊन ज्वाला थंड करतात, उरलेल्या काजळीला गाळणी आणि ऑक्साइडांना युरिया. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, डिझेलमधलं गंधक ५० वरून दशलक्षात १० भागांवर उतरलं. जनरेटरसाठी १ जुलै २०२३ पासून नवे कडक निकष लागू झाले. नाल्यावरच्या जुन्या इंजिनाला यातलं फक्त कमी गंधकाचं डिझेल मिळालं.

त्या इंजिनाच्या कामाची युक्ती वेगळीच आहे: इंधन आणि हवा आधीच मिसळून आत पाठवायची, म्हणजे हवेविना राहिलेला गाभाच उरत नाही. गोबरगॅस हे आयतं करतो. एअर फिल्टरच्या नळीतून गॅस हवेबरोबर आत जातो. त्यातला मिथेन दाबानं सहज पेटत नाही, म्हणून थोडं डिझेल काडीपेटीसारखं वापरायचं. इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर डिझेल आपोआप कमी करतो. भार चांगला असेल तर ८० टक्क्यांपर्यंत डिझेल वाचतं आणि धूर लक्षणीय उतरतो. मात्र हलक्या भारावर मिथेन अर्धवट जळून बाहेर पडतो, आणि गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड काढला नाही तर इंजिनाचे भाग खातो.

वर्ध्याला हे नवं वाटू नये. इथल्याच मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघानं रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप काढला, धुराविरुद्ध मगन चूल आणली. त्याच आवारात आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, आणि ग्रामीण ऊर्जा हे तिचं एक कामच आहे.

मग हे प्रत्येक बांधावर का नाही? उत्तर गोठ्यात आहे. एका अश्वशक्तीला तासाला साधारण ०.४५ घनमीटर गॅस लागतो. पाच अश्वशक्तीचं इंजिन चार तास चालवायचं तर नऊ घनमीटर. एका गाईच्या दिवसाच्या दहा किलो शेणातून जेमतेम ०.४ मिळतो. म्हणजे बावीस-तेवीस जनावरं हवीत, आणि शेतकऱ्याकडे असते एखादी गवळाऊ गाय आणि बैलजोडी. तेवढा गॅस चुलीवरच संपतो. गोशाळा किंवा दुधाचा मोठा गोठा असेल तर मात्र गणित जमतं.

बाकीच्यांनी निदान नोझल टेस्टरवर एकदा तपासून घ्यावं. चांगलं नोझल कुरकुरत बारीक धुकं सोडतं. झिजलेल्याच्या टोकावर थेंब लोंबतो.