विश्लेषण : एमबीबीएसला गेल्यावर नाटक सोडायचेच का?

नेरूळ किंवा कामोठ्याच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला, की घरून सूचना येते : आता नाटक-गाणे बंद! ‘नीट’साठी ते बंदच होते, प्रश्न पुढच्या साडेपाच वर्षांचा आहे.

अभ्यासक्रम काय सांगतो?
२०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये खेळ आणि कलांना जागा आहे. शिवाय ‘एटकॉम’मध्ये रुग्णाशी कसे बोलावे, वाईट बातमी कशी सांगावी, हे शिकवतात. त्यासाठी विद्यार्थ्यांना डॉक्टर-रुग्णाच्या भूमिकाही करायला लावतात. नाटकवाल्यांचे कसब इथे कामी येते. अर्थात, नाटकाचे वेगळे गुण मिळत नाहीत.

दोन्ही कोणाला जमले?
डॉ. मोहन आगाशे यांना. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये ते मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक होते आणि ‘घाशीराम कोतवाल’मधले (१९७२) नाना फडणवीसही. पुढे ‘अस्तु’मध्ये त्यांनी स्मृतिभ्रंश झालेले शास्त्रीबुवा साकारले, नैराश्यावरच्या, सुवर्णकमळ विजेत्या ‘कासव’ची निर्मिती केली. वर्गात शिकवायचे तेच पडद्यावर आले. डॉ. श्रीराम लागू यांनी मात्र नाटकासाठी कान-नाक-घशाची प्रॅक्टिस सोडली.

वेळेचे काय?
इंटर्नशिपमध्ये रात्रपाळ्या असतात, तालमी बुडणारच. एकांकिका करायची तर पहिल्या दोन वर्षांत, परीक्षेचा महिना सोडून.