‘करार’ शब्दाचा अर्थ आणि अंतकाळाचे भाकीत

चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, येथे स्कॉटिश एपिस्कोपल चर्चच्या मिशनने अँग्लिकन परंपरा रुजविली. १९७० साली नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारत चर्चमध्ये अँग्लिकन चर्च विलीन झाले. मराठी ख्रिस्ती समाजाच्या धर्मग्रंथाचे दोन्ही भाग ‘करार’ याच नावाने ओळखले जातात. मूळचा अरबी असा हा शब्द मराठीत देवघेवीच्या व्यवहाराचा होय. जंगलातील बांबूचा वा तेंदूपानांचा करारनामा दोन्ही पक्षांस बांधतो. एकाने अट मोडली की दुसऱ्यास मोकळे होता येते. बायबलातील करार मात्र सर्वत्र या स्वरूपाचा नाही.

हिब्रू ‘बरीथ’ या शब्दात एकतर्फी अभिवचन व परस्पर बंधन हे दोन्ही अर्थ सामावतात. ‘उत्पत्ती’च्या पंधराव्या अध्यायात दुभागलेल्या पशूंमधून धुमसती भट्टी व जळती मशाल, ही ईश्वराची प्रतीके तेवढी जातात, अब्राम निद्रिस्त असतो. ‘निर्गमा’च्या चोविसाव्या अध्यायात उलट लोक आज्ञापालनाचे वचन देतात. ग्रीक भाषांतरकारांनी बरोबरीच्या पक्षांतील ठराव सुचविणारा ‘सुन्थेके’ हा शब्द टाळून ‘दियाथेके’ हा शब्द योजिला. त्याचा रूढ अर्थ मृत्युपत्र. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात याच शब्दाच्या आधारे वारसाहक्काचा विचार मांडला आहे.

अंतकाळाविषयीचा वाद येथेच उद्भवतो. अब्राहामास दिलेल्या भूमीचा वारस कोण? एकोणिसाव्या शतकात डार्बी याने, व त्याच परंपरेत १९०९ च्या सटीप बायबलात स्कोफील्ड याने, इस्राएल व चर्च यांस भिन्न मानले. त्यामुळे इस्राएलविषयीची अभिवचने आणि ‘प्रकटीकरणा’तील सहस्र वर्षांचे राज्य शब्दशः पुरे व्हावयाचे ठरते. ऑगस्टीनच्या मते ती सहस्र वर्षे चर्चच्या चालू युगाचे प्रतीक होत. आणि करारवादी ईश्वरविद्या सर्व अभिवचनांची पूर्ती ख्रिस्तात पाहते.

तिसरे एक मत असे की, इस्राएलने अट मोडल्याने ईश्वर वचनमुक्त झाला. हे मत ‘करार’ शब्दाच्या व्यावहारिक अर्थास जुळते आणि यहुदीद्वेषास त्याने बळ दिले. परंतु यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायातील नवा करार इस्राएल व यहूदा यांच्याशीच व्हावयाचा आहे, आणि ईश्वराचे पाचारण अपरिवर्तनीय असल्याचे पौल रोमकरांस सांगतो. म्हणून मराठी अभ्यासकाने प्रत्येक स्थळी करार कोणी केला, त्यास अट आहे काय आणि त्याचा वारस कोण, हे प्रथम निश्चित करावे; भाकिताचा अर्थ त्यानंतर लावावा.