भिंती पाहायला आलेली गिऱ्हाइके

माणूस बाहेर जेवायला का जातो? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. भूक लागली म्हणून, नाहीतर घरी तसा पदार्थ होत नाही म्हणून! आमच्या एस. टी. स्टँडसमोरच्या मिसळवाल्याच्या भिंतीवर एका जुन्या कॅलेंडराखेरीज पाहण्यासारखे काही नाही. तरी सकाळी तेथे बाकावर जागा मिळत नाही. याच्या अगदी उलट, केवळ भिंतींच्या जोरावर उभा राहिलेला एक धंदा अमेरिकेत आठ वर्षांत आभाळाला टेकून जमिनीवर आला. त्याचे नाव ‘प्लॅनेट हॉलिवूड’.

या जातीच्या उपाहारगृहांचे मूळ लंडनमध्ये सापडते. १९७१ साली आयझॅक टिग्रेट आणि पीटर मॉर्टन या दोन अमेरिकन तरुणांनी तेथे ‘हार्ड रॉक कॅफे’ काढले. एरिक क्लॅप्टन या प्रसिद्ध गिटारवादकाची गिटार तेथील भिंतीवर लागली आणि हळूहळू साऱ्या भिंती वाद्यांनी भरून गेल्या. लोक येत, जेवत आणि जाताना कॅफेचे नाव छापलेला टी-शर्ट विकत घेऊन जात. (२००६ साली मुंबईत वरळीलाही त्याची शाखा निघाली.) या हार्ड रॉकच्या धंद्यात वरच्या जागेवर असलेल्या रॉबर्ट अर्ल या इंग्रज गृहस्थाने हे गणित जवळून पाहिले होते. संगीताच्या जागी सिनेमा ठेवला तर? कीथ बॅरिश या चित्रपटनिर्मात्याला भागीदार घेऊन त्याने ऑक्टोबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या ५७ व्या रस्त्यावर पहिले ‘प्लॅनेट हॉलिवूड’ उघडले.

अर्लची खरी हुशारी नटांच्या बाबतीत दिसते. अर्नोल्ड श्वार्झनेगर, सिल्व्हेस्टर स्टॅलन, ब्रूस विलिस, डेमी मूर ही त्या काळची अव्वल नावे त्याने कंपनीशी जोडली. त्यांच्याकडून भांडवल घेण्याऐवजी त्यांनाच कंपनीत वाटा दिला. मोबदल्यात त्यांनी उद्घाटनाला यायचे आणि छायाचित्रकारांपुढे हसायचे. नवी शाखा उघडली की रस्त्यावर गर्दी लोटे आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकत. जाहिरातीवर वेगळा खर्च कशाला हवा? आत भिंतींवर आणि छताला चित्रपटांतील पोशाख, हत्यारे, पुतळे. खाण्याचे म्हणाल तर बर्गर, न्याहारीच्या गोड दाण्यांचा चुरा लावून तळलेली कोंबडी आणि श्वार्झनेगरच्या आईच्या पद्धतीचा सफरचंदाचा स्ट्रूडल! कमाईचा मोठा भाग मात्र दाराजवळच्या कपड्यांच्या दुकानातून येई.

पण तेथे रोज कोणी नट बसलेला नसे. उद्घाटनाचा दिवस सरला की उरे ती काचेआडची वस्तू, आणि ती एकदा पाहिली की पाहिली. मिसळ खाऊन संपते, म्हणून ती पुन्हा मागवावी लागते. पोशाख पाहून संपत नाही, पण पाहण्याची इच्छा संपते.

हे दुखणे बराच काळ दिसले नाही, त्याचे कारण हिशेबाच्या रीतीत आहे. समजा, एका कंपनीच्या दहा शाखा आहेत आणि प्रत्येकीचा गल्ला वर्षभरात शंभरावरून ऐंशीवर आला. त्याच वर्षी तिने आणखी दहा शाखा काढल्या आणि नवलाईमुळे त्या प्रत्येकी शंभर मिळवू लागल्या. एकूण आकडा हजारावरून अठराशेवर जातो आणि भागधारक टाळ्या वाजवतात. म्हणून अशा साखळीत एकूण विक्री न पाहता जुन्या शाखांची विक्री वेगळी काढून पाहावी लागते. ती घसरत असेल, तर नवी शाखा म्हणजे गळक्या घागरीत ओतलेला आणखी एक तांब्या.

एप्रिल १९९६ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. १८ डॉलरला विकलेला शेअर पहिल्याच दिवशी ३२ डॉलरपर्यंत चढला. आता वाढत राहणे भागच होते. शाखा वाढल्या, खेळाडूंच्या नावावर ‘ऑफिशियल ऑल स्टार कॅफे’ निघाले. नक्कल करणारेही जमले : १९९४ साली जंगलाचा देखावा घेऊन ‘रेनफॉरेस्ट कॅफे’, १९९५ साली मॉडेल मुलींना पुढे करून ‘फॅशन कॅफे’. पर्यटक एका संध्याकाळी जेवणार किती ठिकाणी? १९९८ साली कंपनीने सुमारे २५ कोटी डॉलरचे कर्जरोखे काढले आणि पुढच्याच वर्षी व्याज भरणे तिला झेपेना. ऑक्टोबर १९९९ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. तोवर शेअर एका डॉलरच्याही खाली गेला होता.

नटांचे फारसे बिघडले नाही. श्वार्झनेगर २००० च्या जानेवारीत बाजूला झाला. पडद्यावरच्या चेहऱ्यावर विसंबून ज्याने घरखर्चातून बाजूला काढलेल्या पैशांचे शेअर घेतले, त्याच्या हाती कागद राहिला. बंद पडलेल्या शाखांतील वाढपी आणि स्वयंपाकी नोकरीला मुकले, आणि त्यांची छायाचित्रे काढायला कोणी आले नाही. कंपनी सावरू पाहत होती. पण सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर प्रवासी आटले आणि ती पुन्हा दिवाळखोरीत गेली.

नाव तेवढे टिकले. २००७ साली लास व्हेगासमधील ‘अलादिन’ या जुन्या हॉटेलला ते लावण्यात आले. पुढे गोव्यात उतोर्ड्याच्या किनाऱ्यावरही त्या नावाचे हॉटेल निघाले. ऑरलँडो येथील गोलाकार शाखा मात्र दिवाळखोरीतून वाचली. २०१७ साली तिला वेधशाळेचे रूप देऊन ती पुन्हा उघडण्यात आली. शेजारी डिस्नेची नगरी असल्यामुळे तेथे रोज नवे, पहिल्यांदाच आलेले प्रवासी मिळतात.