विद्यार्थी पास : सवलत कागदावर, मुले थांब्यावर

जूनमध्ये शाळा-महाविद्यालये उघडली की एसटी आगारांतील पासच्या खिडक्या आणि उपनगरी स्थानकांवरील तिकीटघरे विद्यार्थ्यांच्या गर्दीने भरून जातात. सार्वजनिक वाहतुकीत विद्यार्थ्यांना सवलती नाहीत, असा अनेक पालकांचा समज असतो. वस्तुस्थिती उलट आहे. सवलती भरपूर आहेत. मात्र प्रत्येक यंत्रणेची अट वेगळी, कागद वेगळा आणि खिडकीही वेगळी. या गोंधळात सवलतीवर पाणी सोडून रोज पूर्ण तिकीट काढणारी मुले कमी नाहीत.

सर्वांत मोठी सवलत एसटीची आहे. मासिक पासवर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सूट मिळते, म्हणजे तीन रुपयांच्या प्रवासासाठी एकच रुपया मोजावा लागतो. बारावीपर्यंतच्या मुलींना तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने सुरू असलेल्या योजनेखाली हा पास पूर्णपणे मोफत आहे. ग्रामीण भागात सातवी किंवा दहावीनंतरची शाळा बहुधा दुसऱ्या गावात असते. तेथवर मुलीला कसे पाठवायचे, या एका प्रश्नावर अनेक घरांत तिचे शिक्षण थांबते. त्यामुळे मोफत पास ही केवळ आर्थिक मदत नव्हे. तिची शाळा सुटू नये यासाठीचा तो सर्वांत साधा उपाय आहे.

पूर्वी हा पास काढण्यासाठी विद्यार्थ्यांना आगारात येऊन रांगेत उभे राहावे लागे, अथवा शाळेने गटाने पास काढून आणावे लागत. पहिल्या प्रकारात मुलाची शाळा बुडे आणि सोबत येणाऱ्या पालकाची मजुरी. त्यावर तोडगा म्हणून जून २०२५ मध्ये महामंडळाने ‘एसटी पास थेट तुमच्या शाळेत’ ही मोहीम राबविली. मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांची यादी आगाराला द्यायची आणि एसटीच्या कर्मचाऱ्यांनी शाळेत येऊन पास वाटायचे, अशी ही पद्धत. कल्पना उत्तमच, पण यादीच वेळेत गेली नाही तर मोहीमही थांब्यावरच उभी राहणार, हे उघड आहे.

रेल्वेचा प्रकार निराळा. विद्यार्थ्यांना मासिक आणि त्रैमासिक पास निम्म्या दरात मिळतो. याशिवाय घर ते शाळा या प्रवासासाठी मुलांना बारावीपर्यंत आणि मुलींना पदवीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत देण्याची तरतूद आहे. ही दुसरी सवलत पालकांना फारशी माहीत नसते. दोन्हींसाठी शाळा-महाविद्यालयाने दिलेले सवलतपत्र आवश्यक आहे. त्यावरील स्थानकांची नावे घराच्या पत्त्याशी जुळत नसतील, तर खिडकीवरून विद्यार्थ्याला परत पाठविले जाते. त्यामुळे भाड्याचे घर बदलले की प्रथम महाविद्यालयाच्या कार्यालयातील पत्ता बदलून घ्यावा.

मेट्रोने त्या मानाने सुटसुटीत मार्ग धरला आहे. पुणे मेट्रोत ‘एक पुणे विद्यार्थी पास’ या कार्डावर ३० टक्के सवलत आहे. मुंबईत मेट्रो २ अ आणि ७ या मार्गांवर १ मे २०२३ पासून बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी ४५ आणि ६० फेऱ्यांच्या पासवर २५ टक्के सवलत सुरू झाली.

या सर्व व्यवस्थेतील मूळ दोष मात्र कायम आहे. आपली सवलत वयाला मिळत नाही, ती संस्थेला आणि ठरावीक मार्गाला बांधलेली आहे. घरापासून शाळेपर्यंतचा पास खिशात असतानाही ग्रंथालय, मैदान किंवा स्पर्धा परीक्षेच्या केंद्रापर्यंत जायचे तर पूर्ण तिकीट पडते. शिक्षण अर्धवट सोडून काम शोधणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला तर काहीच मिळत नाही. वास्तविक भाड्याचा भार त्यालाच अधिक जाणवतो. स्कॉटलंडमध्ये ३१ जानेवारी २०२२ पासून पाच ते एकवीस वर्षांच्या सर्वांना बसप्रवास मोफत आहे. तेथे कोणी विद्यार्थी आहे की नाही, हे विचारले जात नाही. आपल्याकडील लोकसंख्या आणि महामंडळाचा तोटा पाहता ती योजना जशीच्या तशी आणणे अवघड आहे, पण निदान मार्गाची अट सैल करण्यास हरकत नसावी.

पास मिळाला तरी बस हवीच. करोनाकाळात बंद असलेल्या शाळांचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा भरू लागले आणि महिनाभरातच एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या काळात ग्रामीण विद्यार्थ्यांपुढे पायपीट किंवा खचाखच भरलेली वडाप जीप, एवढेच पर्याय उरले होते. मुलींच्या बाबतीत तर अनेक पालकांनी तिसरा पर्याय निवडला, तो घरी बसविण्याचा. मानव विकास कार्यक्रमांतर्गत राज्यातील १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बस दिल्या गेल्या, त्यामागे हेच कारण होते.

शाळा पाचला सुटते आणि गावाकडची बस पावणेपाचला निघून जाते, ही तक्रारही नेहमीची. फेरीची वेळ ठरविताना आगाराला शाळेची वेळ ठाऊक असतेच असे नाही. अशा वेळी चालक-वाहकांशी वाद घालून उपयोग होत नाही. शाळेच्या सुटण्याच्या वेळा, गावांची नावे आणि पासधारक विद्यार्थ्यांची संख्या नमूद केलेले मुख्याध्यापकांचे पत्र आगार व्यवस्थापकांकडे द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. ग्रामपंचायतीचा ठराव सोबत जोडल्यास मागणीला वजन येते. हे पत्र शाळा सुरू होण्यापूर्वीच, मे महिन्यात दिले, तर जूनच्या वेळापत्रकात फेरीची वेळ बदलून घेण्यास अवधी मिळतो.