मानव संसाधन अधिकाऱ्यांचा व्यावसायिक विकास व परस्परसंपर्क : बुलडाणा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
बुलडाणा जिल्हा मुख्यत्वे शेतीप्रधान आहे. तथापि खामगाव व मलकापूर येथील औद्योगिक वसाहती, १९८६ मध्ये स्थापन झालेली बुलडाणा अर्बन पतसंस्था आणि शेगाव येथील शैक्षणिक व सेवाभावी संस्था यांमुळे येथेही संघटित रोजगार निर्माण झाला आहे. लहान आस्थापनेत भरती, हजेरी, वेतन, भविष्य निर्वाह निधी व तक्रार निवारण ही सर्व कामे बहुधा एकाच व्यक्तीकडे असतात. शंका विचारावी असा समव्यवसायी तेथे नसतो. या एकाकीपणाचा परिणाम अखेरीस कामगाराला भोगावा लागतो. या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यवसायाची जडणघडण :
भरतीतील जॉबरच्या मनमानीस आळा घालण्यासाठी १९३१ मध्ये शाही श्रम आयोगाने कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. पुढे कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ४९ नुसार ५०० वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी बंधनकारक झाला. कोलकाता येथे १९४८ मध्ये व मुंबई येथे १९५० मध्ये स्थापन झालेल्या दोन व्यावसायिक संस्थांचे १९८० मध्ये विलीनीकरण होऊन राष्ट्रीय कार्मिक व्यवस्थापन संस्था अस्तित्वात आली. उदय पारीक व टी. व्ही. राव यांच्या मार्गदर्शनाखाली १९७५ मध्ये लार्सन अँड टुब्रोत मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग आकारास आला; १९८५ मध्ये नॅशनल एचआरडी नेटवर्कची स्थापना झाली. कायदा, अध्यापन व संघटना या तिन्हींच्या आधारे हा व्यवसाय घडला, हे यावरून स्पष्ट होते.

आजची निकड :
२१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ कामगार कायद्यांची जागा ४ श्रम संहितांनी घेतली. कल्याण अधिकाऱ्यासाठीची कामगारसंख्येची मर्यादा ५०० वरून २५० वर आली. वेतनाची व्याख्या बदलल्याने भविष्य निर्वाह निधी व उपदान यांच्या आकारणीचा नव्याने विचार करावा लागतो. तसेच २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार १० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती आवश्यक असून तिच्यात एक बाह्य सदस्य असावा लागतो. असा जाणकार सदस्य शोधण्यासाठीही परस्परसंपर्कच उपयोगी पडतो.

महाविद्यालयांची भूमिका :
मुंबई, पुणे, नागपूर येथील कार्यक्रमांना वारंवार जाणे येथील अधिकाऱ्यास परवडत नाही. म्हणून संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांच्या वाणिज्य, व्यवस्थापन व समाजकार्य विभागांनी पुढील उपक्रम हाती घ्यावेत :
१) दर तिमाहीस एका कायदेशीर तरतुदीवर प्रत्यक्ष प्रकरणाधारित चर्चा;
२) अनुभवी व नवोदित अधिकाऱ्यांची मार्गदर्शक जोडी;
३) विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्यासाठी आस्थापनांशी कायम संपर्क.
यात एक पथ्य मात्र पाळावे. चर्चेत कर्मचाऱ्याचे नाव वा ओळख उघड होऊ नये. तसेच वेतन दाबून ठेवणे किंवा तक्रारखोर कामगारांच्या याद्या फिरवणे हे या संपर्काचे साधन होऊ नये.

समारोप :
पदवीने व्यवसायात प्रवेश मिळतो. ज्ञान अद्ययावत ठेवण्यासाठी समव्यवसायींची साथ लागते. मोठ्या शहरांत ती व्यावसायिक संघटना देतात. लहान जिल्ह्यात ती देण्यास महाविद्यालयाइतके सोयीचे व निःपक्षपाती स्थान दुसरे क्वचितच आढळेल. प्राध्यापकांनाही त्यातून अध्यापनासाठी आपल्याच परिसरातील जिवंत उदाहरणे लाभतील.