दोन त्रिकोणांचा माणूस

चित्रकलेच्या तासाला डोंगर, झाड, घर सगळ्यांना येते. पण माणूस काढा म्हटलं की पुष्कळ मुले पेन्सिल खाली ठेवतात. नाक वाकडे होते, बोटे नीट येत नाहीत. मग ती म्हणतात, "आपल्याला चित्रकला येतच नाही." पण माणूस काढायला नाक आणि बोटे लागतातच असे नाही. ते कसे, ते मी सांगतो.

आपल्या शेतातले बुजगावणे पहा. एक उभी काठी, एक आडवी काठी, वर पालथे मडके आणि अंगात फाटका सदरा. त्याला पाय नसतात. तरी पाखरांना तो माणूस वाटतो. म्हणजे माणसाची खूण थोडक्यातच आहे. वर गोल डोके, खाली उभे अंग, बाजूला दोन हात. खूण तेवढी ठेवायची आणि बाकीचे सोडून द्यायचे. चित्रकारसुद्धा असेच करतात.

पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी या भागात वारली लोक राहतात. त्यांच्याकडे लग्नात भिंतीवर चौक लिहितात. कुडाची भिंत शेणाने किंवा गेरूने सारवतात. तांदळाच्या पिठात पाणी घालून पांढरा रंग करतात. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले, की झाला ब्रश!

त्यांचा माणूस असा असतो. एक त्रिकोण उलटा, म्हणजे टोक खाली. ती छाती. दुसरा त्रिकोण सुलटा, टोक वर. ते पोट. दोन्ही टोके जिथे मिळतात ती कंबर. वर गोल डोके. हातपाय म्हणजे नुसत्या रेघा. बाईच्या डोक्याला मागे छोटा गोल, तो अंबाडा. डोळे, नाक, तोंड काही नाही.

मग माणूस काय करतो ते कसे कळणार? त्याची गंमत कंबरेत आहे. वरचा त्रिकोण पुढे कलवला की माणूस वाकला. तो भात लावतोय. मागे कलवला की दोरी ओढतोय. पुष्कळ माणसे हातात हात घालून गोल काढली आणि मधे एक तारपा वाजवणारा काढला, की नाच सुरू!

पूर्वी हे चौक बायकाच लिहीत. नंतर जिव्या सोमा म्हसे यांनी लग्न नसतानाही रोज चित्रे काढली. ती परदेशातही गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले.

ही रीत फार जुनी आहे. आपल्या संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे गाव आहे. तिथे १९५०-५१ साली उत्खनन झाले. तांबड्या मडक्यांवर काळ्या रेघांची नक्षी सापडली. ती तीन हजार वर्षांपूर्वीची आहे. तशीच मडकी वापरणारे लोक पुणे जिल्ह्यात इनामगावलाही राहत होते. तिथे मातीच्या डबीत एक मातीची बाई सापडली. तिला डोकेच नाही. ते तुटलेले नाही, ती केलीच तशी. आपल्याच जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली एका रथाचे शिल्प सापडले. रथात उभा असलेला माणूस एक वीतभरसुद्धा नाही, पण बैल हाकतोय हे लगेच कळते.

माझी आई दिवसभर कांदे काढते. फोटो काढायचा म्हटलं तर ती म्हणते, "मातीनं भरलेलं तोंड कशाला दाखवायचं?" मी तिला दोन त्रिकोणांत काढले. वरचा त्रिकोण अगदी जमिनीपर्यंत कलवला. आमच्या आजीला बारीक दिसत नाही, पण तिने कागद लांब धरला आणि म्हणाली, "ही तर आपली सून. कांदं काढती."

तोंड नव्हते, तरी ओळखली. कारण आजी तिला रोज तशीच वाकलेली पाहते.

तर मित्रांनो, माणूस काढताना आधी त्याच्या नाकाकडे पाहू नका. तो काय करतोय, कुठे वाकतोय, कशावर जोर देतोय ते पहा. मग दोन त्रिकोण काढा. उद्या प्रत्येकाने आपल्या घरातले एक माणूस काढून आणावे. ते कोण आहे ते आम्ही ओळखू.

— इयत्ता ४ थी