दगड केव्हा सुटतो?



कामगार चळवळीतल्या माणसाने बोनस, महागाईभत्ता हे विषय सोडून कडे चढण्याच्या छंदावर बोलावे, ह्याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. मी स्वतः कडे चढणारा नाही. पण माझी बरीच वर्षे दगडाच्या खाणीत राबणाऱ्या माणसांत गेली आहेत आणि वरून सुटलेला दगड काय करतो हे मी पाहिले आहे. खाणीत असा दगड पडला की मुकादमापासून पोलीसपाटलापर्यंत सगळे एकच शब्द उच्चारतात : नशीब. हा शब्द एकदा पंचनाम्यात शिरला की पुढची चौकशी संपते. म्हणून दगड का सुटतो आणि केव्हा सुटतो, ह्याचा मी मिळेल तेथून अभ्यास करू लागलो. शाळा सातवीत सुटलेली, तेव्हा अभ्यास म्हणजे वाचनालय, शब्दकोश आणि रात्रीची जागरणे. त्या वाचनात मला आढळले की ह्या प्रश्नाचा फार बारकाईने विचार युरोपातल्या आल्प्स पर्वतात कडे चढणाऱ्या लोकांनी केलेला आहे. कारण उघड आहे. तेथे दगडाखाली उभा राहणारा आणि दगडाचा हिशेब ठेवणारा माणूस एकच असतो. खाणीत हे दोघे निराळे असतात.

ह्या लोकांची एक रीत प्रथमदर्शनी वेडेपणाची वाटते. उत्तरेकडे तोंड असलेले, हिवाळ्यात ऊन म्हणून न पाहणारे मोठमोठे कडे ते मुद्दाम भर थंडीत चढायला जातात. दिवस लहान, पारा शून्याच्या खूप खाली, हातमोजा काढला तर बोटे बधिर. कीर्तीची हौस हे त्याचे एक कारण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दुसरे कारण शुद्ध हिशेबाचे आहे, आणि ते समजण्यासाठी दगड कसा सुटतो हे पाहिले पाहिजे.

खडकाच्या भेगेत पाणी शिरते. पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, हे आपण शाळेत शिकलो. पण तेवढ्याने खडक फुटतोच असे नाही. भेगेचे तोंड उघडे असेल तर वाढलेले बर्फ सरळ बाहेर येईल. खरे काम होते ते शून्याखाली साधारण तीन ते आठ अंशांच्या गारठ्यात. तेव्हा खडकाच्या सूक्ष्म छिद्रांतले न गोठलेले पाणी भेगेतल्या बर्फाकडे ओढले जाते, बर्फाचा थर जाड होत जातो आणि भेग हळूहळू रुंदावते. पूर्वी दगड फोडताना ओळीने भोके पाडून त्यांत लाकडी पाचरी ठोकीत आणि वर पाणी ओतीत. लाकूड फुगले की शिळा दुभंगे. निसर्गाची पद्धत त्याच जातीची आहे.

मात्र येथे एक गंमत आहे. हेच बर्फ पाचर आहे तसा तो चुनाही आहे. जानेवारीत खडकापासून फुटून वेगळा झालेला तुकडा जानेवारीत पडत नाही. बर्फाने तो जागच्या जागी सांधलेला राहतो. पुढे ऊन लागले, सांध्यातले बर्फ मऊ झाले, की तो निघतो. बर्फ पूर्ण वितळण्याचीही गरज नसते; शून्याच्या जवळ येताच त्याची पकड ढिली होऊ लागते. म्हणजे फोडण्याचे काम गारठ्यात होते आणि पाडण्याचे काम उन्हात. म्हणून आल्प्समध्ये उन्हाळी चढाईला मध्यरात्री कंदील घेऊन निघतात आणि ऊन वरच्या खडकावर येण्याच्या आत धोक्याची घळ ओलांडतात. उत्तरेचा सावलीतला कडा हिवाळ्यात दिवसभर कुलूपबंद असतो, तेव्हा तो चढावा हा हिशेब त्यातूनच आला. पण त्याच महिन्यात, त्याच डोंगराच्या दक्षिण अंगाला सकाळी दहा-अकराच्या उन्हात दगड सुटू लागतात. 'हिवाळा आहे, दगड पडणार नाहीत' असे समजून ऊनभरल्या कड्याखाली न्याहारीला बसणारा पंचांग पाहतो, कडा पाहत नाही.

आता पडणाऱ्या दगडाचे बळ पाहू. शंभर मीटर उंचीवरून सरळ पडणारा दगड साडेचार सेकंदांत खाली येतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर असतो. हवेचा थोडा विरोध मी सोडून दिला आहे. तो दगड एक किलोचा, म्हणजे दुकानातल्या मापाएवढा असला, तरी त्याचा आघात ५० किलोचे पोते दोन मीटरवरून अंगावर पडावे तेवढा, आणि तो सारा एका बोटाएवढ्या जागेवर. ह्यावर उपाय म्हणून हेल्मेट सांगतात. ते घालावेच. पण त्याची मर्यादा जाणून घालावे. गिर्यारोहणाच्या हेल्मेटची युरोपातली प्रमाण कसोटी अशी आहे की पाच किलोचे वजन दोन मीटरवरून त्यावर पाडायचे आणि आतल्या डोक्याच्या साच्यावर ठराविक मर्यादेपलीकडे जोर पोचता कामा नये. आकडेमोड केली तर हा मार एक किलोचा दगड दहा मीटरवरून पडण्याइतका होतो. दहा मीटर म्हणजे तीनमजली घर. कडा तर शेकडो मीटरांचा असतो. खाणीतही टोपी वाटून सुरक्षिततेचे काम संपले असे मानणारे पुष्कळ भेटतात, म्हणून हे जरा विस्ताराने सांगितले.

दगड एकट्या माणसाला लागला तरी चौघांचा घात कसा होतो, ह्याचे उदाहरण स्वित्झर्लंडमधल्या आयगर शिखराचे आहे. उंची ३,९६७ मीटर. त्याचा उत्तर कडा सुमारे १,८०० मीटरांचा, चुनखडीचा, ठिसूळ. ह्या डोंगराच्या पोटातून युंगफ्राऊ रेल्वेचा बोगदा गेला आहे. १८९६ ते १९१२ अशी सोळा वर्षे तो खणण्याचे काम चालले. १८९९ मध्ये स्फोटात सहा मजूर ठार झाले, आणि त्याच वर्षी मजुरांनी संपही केला. प्रवाशांना देखावा दिसावा म्हणून कड्यात खिडक्या पाडून एक स्थानकही केले होते. २०१६ पासून तेथे गाड्या थांबत नाहीत. शिवाय बोगद्यातला मलबा बाहेर टाकण्यासाठी ठेवलेले एक दार कड्यावर उघडते. हे दार लक्षात ठेवावे.

१८ जुलै १९३६ रोजी टोनी कुर्त्स, आंद्रेआस हिंटरस्टॉयसर, विली आंगेरर आणि एडी राइनर ह्या चौघा तरुणांनी कड्याला हात घातला. दोघे जर्मन, दोघे ऑस्ट्रियन. वाटेत एका गुळगुळीत खडकावरून हिंटरस्टॉयसर दोराच्या आधाराने आडवा पलीकडे गेला, बाकीचेही गेले, आणि त्यांनी दोर मागून काढून घेतला. वर आंगेररच्या डोक्याला पडता दगड लागला. त्या काळी डोक्यावर हेल्मेट नसे. तरी ते चढत राहिले. पण जखमी सोबती सावरेना तेव्हा मागे फिरले. परतताना त्या गुळगुळीत खडकावर बर्फाची काच चढली होती आणि दोर तर काढून घेतलेला. आडवी वाट बंद झाली. उरली ती सरळ खाली, लटकत उतरण्याची.

२१ तारखेला बोगद्यातल्या एका रेल्वे कामगाराने ते दार उघडून हाक दिली. वरून उत्तर आले की सगळे ठीक आहे. त्याने त्यांच्यासाठी चहा ठेवला आणि वाट पाहू लागला. बराच वेळ झाला तरी कोणी येईना, म्हणून तो पुन्हा दारात गेला, तेव्हा एकट्या कुर्त्सची मदतीची हाक ऐकू आली. वरून आलेल्या लोटात बाकीचे तिघे गेले होते. खबर मिळताच वाटाडे खास गाडीने आले आणि त्याच दारातून कड्यावर गेले. रात्रभर कुर्त्स दोराला लटकत होता, एक हात गोठून गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याने दोराचे पीळ सोडवून दोरी केली आणि ती खाली सोडली. वाटाड्यांनी तिला नवा दोर बांधून दिला. पण एक दोर पुरेना म्हणून दोन दोरांची गाठ मारली होती, आणि ती गाठ त्याच्या कमरेच्या कडीतून पार होईना. वाटाड्यांपासून काही मीटरांवर तो मेला. गाठीची गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहते. माझ्या मते ह्या साखळीची पहिली कडी तो दगड आहे, आणि तो जुलैतला, उन्हाळ्यातला दगड होता.

हा कडा प्रथम सर झाला २४ जुलै १९३८ रोजी. हिवाळ्यात तो सर झाला मार्च १९६१ मध्ये. टोनी हीबेलर, टोनी किन्सहोफर, आंडेर्ल मानहार्ट आणि वॉल्टर आल्मबर्गर हे ६ मार्चला निघाले आणि १२ मार्चला शिखरावर पोचले. खालचा भाग ते काही दिवस आधी चढून बोगद्यात शिरून परतले होते आणि पुढची चढाई त्यांनी तेथूनच सुरू केली. हे आधी सांगितले नाही म्हणून पुढे मोठा वाद झाला. तो वाद सोडून द्या. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की थंडीने दगड बांधून ठेवलेले असताना त्यांनी कडा पार केला.

पण थंडी हे काम फुकट करीत नाही. १९६६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन तुकड्या ह्याच कड्यावर अगदी सरळ रेषेत चढू लागल्या. ती रेषा दगडांच्या माऱ्याची, म्हणून हिवाळा निवडलेला. दगडांचा त्रास कमी झाला खरा; पण चढाई आठवडे चालली, आणि तेवढे दिवस त्याच त्या बांधून ठेवलेल्या दोरांवरून माणसे वरखाली करीत राहिली. २२ मार्चला सात मिलिमीटर जाडीचा असा एक दोर तुटला आणि अमेरिकन जॉन हार्लिन कोसळून मरण पावला. २५ मार्चला पाच जण वादळात शिखरावर पोचले. त्यांतल्या काहींना हिमदंशामुळे पायाची बोटे गमवावी लागली. दगडाचा धोका टाळला की त्याच्या जागी वेळेचा आणि थंडीचा धोका येतो, आणि तो धरूनच हिशेब मांडावा लागतो.

शिवाय ही कुलूपबंदी लहान दगडांपुरतीच आहे. दिवसाची ऊब खडकात फार तर काही वितींपर्यंत पोचते, म्हणून वरवरचे दगड घड्याळाप्रमाणे वागतात. पण उन्हाळ्याची ऊब सात-आठ मीटर खोल पोचायला सुमारे चार महिने लागतात. बाहेर बर्फ पडत असताना आत ऑगस्ट चालू असतो! स्वित्झर्लंडमधल्याच पित्स चेंगालो ह्या डोंगराची सुमारे पंधरा लाख घनमीटर दरड पडली ती २७ डिसेंबर २०११ रोजी. ऐन नाताळात. केवळ ह्या एका कारणाने ती पडली असे मी म्हणत नाही. खोल भेगा जुन्याच असतात. पण उंच डोंगरांचा बारमाही गोठलेला गाभा तापमानवाढीने ढिला होत चालला आहे, ह्याविषयी आता शास्त्रज्ञांत दुमत नाही. जुलै २००३ च्या उष्म्यात मॅटरहॉर्नची धार ढासळली आणि सुमारे नव्वद गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने उतरवावे लागले. २३ ऑगस्ट २०१७ रोजी त्याच चेंगालोची सुमारे तीस लाख घनमीटर दरड पडून आठ पदयात्री गाडले गेले. अशा दरडीपुढे हेल्मेट, दोर, पहाटेची वेळ, कशाचेच चालत नाही. तेथे मोजमाप ठेवून वाट वेळेवर बंद करणे एवढेच हाती असते, आणि ते काम चढणाऱ्याचे नव्हे, सरकारचे आहे.

आता आपल्या सह्याद्रीकडे येतो, कारण आपल्याकडेही कडे चढण्याचा हंगाम हिवाळाच आहे आणि आपली मुले दर रविवारी दोर खांद्यावर टाकून जातात. येथे पाणी गोठत नाही. फोडण्या-सोडवण्याचे काम पावसाळा करतो. बेसाल्टच्या थरांमध्ये जागोजाग मऊ लाल पट्टे आहेत. ते धुपतात आणि वरचा कातळ अधांतरी राहतो. गवताची मुळे भेगांत शिरतात. पाऊस सरला की भेगांतला चिखल वाळतो, आणि आल्प्समध्ये जे बर्फ करते ते येथे वाळलेली माती करते : सुटलेला दगड घट्ट आहे असे भासवते. त्यातून नोव्हेंबरात कड्यावर जाणारी पहिली तुकडी ही पावसाळ्यानंतर त्या दगडांना हात लावणारी पहिली माणसे असतात. कडा झाडून ठेवायला त्यांच्या आधी कोणी गेलेले नसते.

म्हणून आपल्याकडे हिवाळ्यात दगड पडतो तो बहुधा आपोआप पडत नाही. वरचा माणूस, त्याचा दोर किंवा वानर तो पाडतो. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने ज्यांनी चढ केला असेल त्यांना हे सांगायला नको. नाळेत दगडांचा खच असतो आणि वर एकाचा पाय सरकला की सगळे घरंगळत मधोमधच येते. तेथे चौघांनी लांब लांब अंतर ठेवून चालणे चूक आहे, कारण दगडाला वेग घ्यायला तेवढी जागा मिळते. एकमेकांच्या अगदी निकट राहावे, किंवा एक जण आडोशाला पोचेपर्यंत बाकीच्यांनी बाजूला थांबावे. कड्यावर दोर सांभाळणाऱ्याने चढणाऱ्याच्या बरोबर खाली उभे राहू नये. धरण्यापूर्वी दगड मुठीने ठोकून पाहावा. खणखणीत वाजला तर बरा, बद्द वाजला तर सोडावा. आमचे खाणकामगार पहारेने हेच करतात, आणि सकाळी काम सुरू होण्यापूर्वी मोकळे दगड पाडून घेण्यासाठी अर्धा तास मिळावा म्हणून आम्हाला एका ठिकाणी अकरा दिवस काम बंद ठेवावे लागले होते.

दगड निघालाच तर 'दगड!' एवढेच ओरडावे, नावे घेत बसू नये. खालच्याने आवाज ऐकताच वर पाहू नये. कातळाला चिकटून खांदे आवळावेत आणि पाठीवरची पिशवी मानेवर घ्यावी. सर्वांत अधिक विसर पडतो तो उतरताना. चढाई संपली, हेल्मेटे काढली, पाण्याच्या बाटल्या निघाल्या, आणि कोणीतरी वर अडकलेला दोर खाली ओढायला लागतो. तो दोर येताना कड्याच्या काठावरचे सगळे मोकळे दगड बरोबर घेऊन येतो. दोर ओढण्यापूर्वी बाकीच्यांना पन्नास पावले बाजूला पाठवावे, आणि ओढणाऱ्याने हेल्मेट डोक्यावर ठेवूनच तो ओढावा.